सातवा दाभण

पाटीवर दाभणांच्या सात खुणा होत्या आणि दाभण होते सहा.

कारागिराने डावीकडून मोजले, उजवीकडून मोजले, मग एकेकाला बोट लावून मोजले. सहाच. सातव्या जागी नुसता पांढऱ्या रंगाने काढलेला आकार होता, वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळता, आणि वर एक रिकामा खिळा. दुकानाचं शटर आत्ता कुठे वर गेलं होतं, झाडूसुद्धा फिरला नव्हता, आणि ज्या पलंगाच्या पोटात तो दाभण असू शकत होता तो पलंग काल टेम्पोत चढून गिऱ्हाइकाच्या घरी पोचलाही होता.

पोती शिवायचा दाभण सगळ्यांनी पाहिलेला असतो. गादीकामातला दाभण म्हणजे त्याचाच अंगाने बारीक आणि स्वभावाने वाईट भाऊ. याला दोन्हीकडे टोक असतं. काथ्या आणि कापसाच्या भरावात तो असा सुळकन शिरतो की आत राहिला तर वरून हात फिरवून कळत नाही. पलंग दिसायला राजेशाही, टेकायला मऊ, आणि आत हा बसलेला. भराव हळूहळू दबतो, कोणी रेलतं, कोणी उडी मारतं, आणि एके दिवशी टोक बाहेर येतं. समोर पाठ आहे की डोळा, ते काही तो बघत नाही.

म्हणून या दुकानात एक नियम होता. आतलं कापड ठोकून बंद करण्याआधी नवरा-बायकोने मिळून पाटीसमोर उभं राहायचं. त्याने बोट लावत मोजायचं, तिने मोठ्याने म्हणायचं, "सात. भरली पाटी." मगच स्टेपलरला हात लावायचा. हे दोघं भांडलेले असोत, एकमेकांशी बोलत नसोत, तरी तेवढे तीन शब्द बोलायचेच. चौतीस वर्षांत पाटी अपुरी असताना एकदाही कापड बंद झालं नव्हतं.

आणि याही वेळी तिने म्हटलंच होतं की! त्याला अगदी डोळ्यांसमोर दिसत होतं. ती इथेच उभी होती, उजव्या अंगठ्याला चिंधीची पट्टी बांधलेली, दातांत टाचणी धरलेली, आणि टाचणी न काढताच म्हणाली होती, "सात. भरली पाटी." त्याने मान डोलावली होती आणि स्टेपलर उचलला होता.

मग सात नव्हते तर ती सात कशी म्हणाली?

कारागीर स्टुलावर बसला. या प्रश्नाचं उत्तर त्याला माहीत होतं. तीन महिन्यांपासून माहीत होतं आणि तीन महिने तो त्याच्याकडे पाठ करून बसला होता. त्याची बायको विसरायला लागली होती.

सुरुवात चाव्यांपासून झाली. दुकानाच्या चाव्या त्याला सापडेनात, आणि स्वयंपाकघरात जाऊन बघतो तर ही फ्रीज उघडून उभी, हातात चाव्या. त्याला पाहून दचकली आणि काही न बोलता चाव्या त्याच्या हातात दिल्या. मग मोजायच्या टेपचं प्रकरण. "टेप कुठे ठेवलीत हो?" असं तिने एका सकाळीच तीनदा विचारलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वार. रोज चहाचा कप हातात देताना ती विचारायची, "आज वार कोणता हो?" भिंतीवर कॅलेंडर लटकतंय, समोर मोबाइल पडलाय, तरी विचारायची. तो न चिडता सांगायचा. लहान मुलाला सांगावं तसं, हळू आवाजात. ती "बरं" म्हणायची आणि त्याच्या तोंडाकडे क्षणभर बघत राहायची.

लेक लांबच्या शहरात असते, दर रविवारी फोन करते. तिला त्याने यातलं काही म्हणजे काही कळू दिलं नव्हतं. तो डोळ्यांत तेल घालून बायकोवर लक्ष ठेवायचा, तिच्या मागे जाऊन गॅस बघायचा, नळ बघायचा. एकदा गॅस खरंच चालू सापडला. तेव्हा तो बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं तोंडावर पाणी मारत बसला होता, कारण रडताना आरशात बघायची त्याला सवय नव्हती.

आता तिच्या विसरण्याचा एक वीतभर लांबीचा तुकडा कोणाच्या तरी पलंगात होता.

पलंगही साधासुधा असता तर गोष्ट वेगळी. डिझायनर बाईंनी कागदावर काढून दिला तेव्हा कारागीर म्हणाला होता, "बाई, हा पलंग आहे की राजवाड्याचा दरवाजा?" डोक्याकडची पाठ पाच फूट उंच, वर कमान. पायथ्याकडचा भाग कमरेएवढा, आतून पोकळ, पेटीसारखा. बाटलीच्या काचेचा असतो तसल्या हिरव्या रंगाची मखमल. फोम वापरायचा नाही, बाईंची अट होती. नवारीच्या पट्ट्या ताणून त्यावर गोणपाट, गोणपाटावर काथ्या, काथ्यावर पिंजलेला कापूस, सगळं जुन्या पद्धतीने आणि सगळं हाताने. पाठीला चौऱ्याऐंशी बटणं, पायथ्याला अठरा. प्रत्येक बटण मखमलीत खोल ओढलेलं, प्रत्येक चार बटणांमध्ये एक तिरका चौकोन, आणि चौकोनाची एकही घडी दुसरीपेक्षा सुताने जास्त नाही. दोन महिने लागले.

बटणकाम एकट्याचं नाही. तो पुढून बसतो, ती मागून. तिने गाठ मारून दिलेला बटणाचा दोरा ओवून तो दाभण भरावात घालतो आणि ओरडतो, "सोडतोय!" मागे तिचा हात असतो, म्हणून ओरडायचं. दाभण मागे निघाला की ती म्हणते, "आला!" आणि दोरा ओढून गाठ मारते. त्याचं "सोडतोय" आणि तिचं "आला". शेजारचा झेरॉक्सवाला म्हणायचा, तुमचा संसार दोन शब्दांवर चाललाय.

त्याने दुकान पालथं घातलं. काथ्याचं पोतं झटकलं, कापसात हात खुपसून बघितलं, मखमलीच्या कात्रणांत लोहचुंबक फिरवलं. चुंबकाला टाचण्या चिकटल्या, खिळे चिकटले, कधीची हरवलेली कात्रीसुद्धा चिकटली. दाभण नाही.

"काय शोधताय?"

बायको चहा घेऊन आली होती.

"काही नाही. साफसफाई."

साफसफाई आणि तो! तिने पाटीकडे पाहिलं. तिची नजर सहा दाभणांवरून सरकत सातव्या रिकाम्या खिळ्यावर थांबली आणि तिचा चेहरा उतरला. तिने कप त्याच्या हातात दिला.

"आज वार कोणता हो?"

आज नको गं, असं त्याला म्हणावंसं वाटलं. आजच्या दिवस तरी नको. "मंगळवार," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. आज ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. डिझायनर बाई. आवाजात आनंद मावत नव्हता.

"काका, काय काम केलंय! त्या लोकांना वेड लागलंय. त्यांची मुलगी आहे ना, तीन वर्षांची, काल पलंग बसवल्यापासून खाली उतरायला तयार नाही. त्या बटणांशीच खेळतेय. आता पुढच्या चार पलंगांचं काम तुमचंच, समजा."

कारागिराने कप स्टुलावर ठेवला. तीन वर्षांची. बटणांशी खेळतेय.

"बाई," तो चुंबक उचलत म्हणाला. "बाई, मी जरा तिकडे जाऊन येतो. बटणं एकदा... ओढून बघायची राहिलीत."

"संध्याकाळी जा ना, चारनंतर. दुपारी मुलगी झोपते तिथे."

"नाही, नाही. आत्ता जातो. पोरीला झोपवू नका म्हणावं. म्हणजे... पलंग जरा बसू दे नीट. कोणी बसू नका म्हणावं."

पलंग बसू दे आणि पलंगावर बसू नका, हे ऐकून बाई हसल्या. कळवते म्हणाल्या. पण लोक अशा वेळी कळवतात ते "काका उगाच काळजी करतात" असंच कळवतात, हे त्याला माहीत होतं.

त्याने पिशवी भरली: चुंबक, खिळे काढायची पक्कड, स्टेपलर, दोरा, एक दाभण. बायकोने चपला घातल्या.

"तू कशाला? तू थांब."

"मागे कोण बसणार?"

"बसायचं काही नाही. नुसतं बघून यायचं."

"मग नुसतं बघायला येते," ती म्हणाली आणि तिने शटर खाली ओढलंसुद्धा.

बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि अर्धा तास त्याने एकही दुकान, एकही माणूस पाहिला नाही. त्याला दिसत होता एक हिरवा मखमली पलंग आणि त्यावर उड्या मारणारी पोर. एकेका उडीला त्याचे खांदे आखडत होते. आणि त्या भीतीच्या खाली दुसरी भीती होती, ती जास्त खोल होती. दाभण सापडला की प्रश्न निघेल, कोणी ठेवला? मग हिला सांगावं लागेल. हिच्या तोंडावर म्हणावं लागेल की अगं, तू विसरतेस. ही सांडलेले पाच खिळे न बघता पायाने गोळा करणारी बाई, अंधारात गाठ मारणारी बाई, हिला हे कसं सांगायचं? त्याला वाटलं, बस कुठे तरी बंद पडावी. लगेच पोर आठवली आणि स्वतःचीच लाज वाटली.

घर आठव्या मजल्यावर होतं. पोरीच्या आईने दार उघडलं, हसून आत घेतलं.

"या ना. बरं झालं आत्ताच आलात. गुरुवारी हिला शाळा नसते, सकाळपासून पलंगावरच आहे बघा."

गुरुवारी? कारागिराला वाटलं, मोठ्या घरच्या बायकांना वाराचं काय पडलेलं असतं. तो घाईघाईने आत गेला.

पलंग खिडकीसमोर होता आणि दुपारच्या उजेडात मखमल पाण्यासारखी हलत होती. असं काम आयुष्यात चार-दोनदाच होतं. पण कारागिराने काम पाहिलंच नाही. पाठीला टेकून, पाय पसरून, पोरगी बसली होती. तिचं डोकं तिसऱ्या रांगेतल्या बटणांवर होतं आणि ती टाळू मागे आपटत गाणं म्हणत होती. एक आपट, एक शब्द. एक आपट, एक शब्द.

"बाळ, खाली ये," तो म्हणाला.

"नाही."

"ये ना, मला बटणं बघायची आहेत."

"माझी आहेत," पोरगी म्हणाली आणि जोरात मागे आपटली.

तो पोरीच्या आईकडे वळला, बटणं सैल असतात, पहिल्या दिवशी दाबून बघावी लागतात, असं काही तरी जुळवायला लागला, आणि शब्द एकमेकांवर पडायला लागले. तेवढ्यात मागून त्याची बायको म्हणाली,

"ताई, मुलीला आधी उचला. पलंगात आमचा एक दाभण राहिला असेल. मोठी सुई. दोन्हीकडून टोकदार."

पोरीची आई धावली आणि तिने पोरीला असं हिसकून उचललं की पोर रडायला लागली. तिने पोरीच्या केसांतून बोटं फिरवली, मान बघितली, पाठ बघितली. काही नव्हतं.

"रात्रभर ती यावर झोपली होती," ती म्हणाली. "तुम्ही लोक करता काय? मोजत नाही का?"

मोजतो, कारागिराला म्हणायचं होतं. चौतीस वर्षं मोजतोय. पण ते म्हटलं तर पुढचं म्हणावं लागलं असतं, म्हणून तो पलंग भिंतीपासून ओढायला लागला.

त्याने पाठीमागचं काळं कापड एका कडेने उसवलं आणि आत तोंड घातलं. चौऱ्याऐंशी गाठी, तिने मारलेल्या, एकसारख्या. तो एकेका गाठीशेजारी चुंबक नेऊ लागला. पहिली रांग. दुसरी. तिसरी, जिथे पोरीचं डोकं होतं. तिथे त्याने तीनदा फिरवलं. घामाने चष्मा घसरत होता. चुंबकाला काही लागत नव्हतं, आणि दर वेळी तो सुटकेचा श्वास सोडायचा आणि दर वेळी पुढच्या गाठीपाशी तो पुन्हा अडकायचा. कुठे तरी असणारच. ती इथेच बसली होती. इथेच कुठे तरी ती "आला" म्हणाली असणार आणि आलेला नसणार.

"पाठीत नाही सापडायचा," बायको म्हणाली. "पायथ्याकडे बघा."

"पायथा आपण नीट केला."

"आपण नाही."

तो हे ऐकून चुंबक धरून तसाच राहिला. हिला हेही आठवत नाही. शेजारी बसून अठरा गाठी मारल्या, त्याही गेल्या.

"अगं, तुझ्या लक्षात नाही..." तो हळू आवाजात सुरू करणार, तोच पलंगाच्या दुसऱ्या टोकाकडून पोरीचा आवाज आला. रडणं थांबलं होतं. आई दारात फोनवर डिझायनर बाईंशी बोलत होती आणि पोर तिच्या हातातून कधी निसटली ते तिलाही कळलं नव्हतं.

"हे बटण बाहेर येतं!"

कारागिराने मान वर काढली. पोरगी पायथ्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. मधल्या रांगेतलं शेवटचं बटण तिच्या मुठीत होतं, दोऱ्याला लोंबणारं. ती नाक मखमलीला लावून, एक डोळा मिटून, बटण जिथून आलं त्या खड्ड्यात बघत होती आणि बटण ओढत होती.

त्या बटणाचा दोरा दाभणाच्या नेढ्यात असणार, हे त्याला त्या क्षणी कळलं. नेढ्यामागे बोटाच्या पेराएवढं टोक असतं, हेही. बटण ओढलं की टोक बाहेर येणार, आणि बाहेर तो डोळा होता. तो उठायला धडपडला.

बायको धावली नाही, ओरडलीही नाही. ती जिथे होती तिथेच खाली बसली आणि म्हणाली, "अगंबाई, तुझ्या मागे बघ काय आहे!"

पोरीने चटकन मान वळवली. दोन ढांगांत बायको तिथे पोचली, एका हाताने पोरीची मूठ धरली, दुसऱ्या हाताचा तळवा खड्ड्यावर दाबला. "सोड राणी. बटण सोड. हळू." पोरीने बटण सोडलं. आईने झडप घालून पोरीला उचललं. बायकोने तळवा उचलला तेव्हा तळव्याच्या मधोमध रक्ताचा एक थेंब होता आणि हिरव्या मखमलीतून जवाएवढं चकचकीत टोक बाहेर डोकावत होतं.

पोरीची आई पोरीला छातीशी धरून भिंतीला टेकली आणि तिथेच खाली बसून रडायला लागली.

कारागिराने गादी बाजूला केली, पलंगाच्या चौकटीत उतरला, पायथ्याचं आतलं कापड उसवलं. दाभण पोकळीत अर्धा लटकलेला होता. त्याने तो ओढून घेतला. नेढ्यात दुहेरी दोरा होता आणि दोऱ्याला उलटी गाठ. कारागीर डावरा होता. उलटी गाठ या दुकानात एकच माणूस मारत असे.

"ही माझी गाठ आहे," तो म्हणाला.

"हो."

"पण मागे तू होतीस."

"परवा दुपारी मी बहिणीकडे होते. तिचे टाके काढायचे होते. हे एक बटण दबलं नव्हतं, तुम्ही म्हणालात, तू जा, मी बघतो." ती पिशवीतली चिंधी घेऊन तळव्यावर दाबत होती. "पुढून दाभण घातलात, आणि घ्यायला मागे आलात. आणि कशासाठी मागे आलो, ते..." ती थांबली. "समोर स्टेपलर दिसला असेल."

"पण आपण मोजले. तू सात म्हणालीस. मला दिसतंय अजून, तुझ्या अंगठ्याला पट्टी होती. दातांत टाचणी होती."

तिने उजवा हात त्याच्यापुढे धरला. अंगठ्यावर जखम नव्हती. जुना, पांढरा, केसासारखा वण होता.

"ती पट्टी राखाडी पलंगाच्या वेळी. वर्ष होऊन गेलं त्याला."

कारागीर पलंगाच्या चौकटीत उभा होता आणि त्याच्या हातात दाभण होता. त्याने अंगठ्याकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. फ्रीजमधून चाव्या काढणारी ती आठवली. काढणारी. ठेवणारी नव्हे. टेप कुठे ठेवलीत, असं तिने तीनदा विचारलं, कारण त्याने ती तीनदा हरवली होती. गॅस त्याने बंद केला होता. चालू कोणी केला, ते त्याने कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. आणि वार. रोज चहा देताना. तिला वार माहीत होता. तिला रोज माहीत होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दिवाणाचं कापड तुम्ही दोनदा कापलंत तेव्हापासून."

"मला सांगायचं नाही?"

"कसं सांगू? भीती वाटत होती." हे ती अगदी सरळ म्हणाली. "परवा आले तर कापड बंद. मी विचारलं, मोजले का? तुम्ही म्हणालात, आपण दोघांनी मिळून नाही का मोजले! मला कळलं, की काही तरी चुकलंय. पण पाटीकडे बघायचं धाडस झालं नाही. बघितलं असतं तर खरं मानावं लागलं असतं. तिथे मी चुकले. त्या पोरीला काही झालं असतं तर ते माझ्यामुळे."

त्याला वाटलं होतं, तीन महिने तो तिला सांभाळतोय. या विचाराने त्याला हसू यायला हवं होतं. पण तो चौकटीतल्या फळ्यांवर बसला. बसमधली भीती परवडली. ती दुसऱ्या कोणासाठी होती, बायकोसाठी होती, पोरीसाठी होती. त्या भीतीपुढे उभं राहता येत होतं. ही आत होती. काथ्यात शिरलेल्या दाभणासारखी, वरून हात फिरवून न कळणारी.

पोरीच्या आईने डोळे पुसले. "मी सगळं सांगितलंय बाईंना," ती म्हणाली. "त्या म्हणाल्या, काकांना फोन करायला सांगा."

"सांगायलाच हवं होतं," बायको म्हणाली. "आम्ही चुकलो. हे एक बटण बांधतो, पलंग इंचन् इंच तपासतो आणि जातो. मुलीला तोवर दुसऱ्या खोलीत ठेवा."

चार पलंगांचं काम गेलं, हे दोघांनाही कळलं.

कारागीर उठायला लागला. पुढे जाऊन बसायचं होतं. दाभण पुढून घालायचा असतो. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्ही आतच बसा. पुढून मी घालते."

"मी मागे?"

"मागे काही आठवायचं नसतं. आला की आला म्हणायचं."

तिने त्याच्या हातातून दाभण घेतला आणि पुढे गेली. तो पायथ्याच्या आतल्या बाजूला मांडी घालून बसला. चौतीस वर्षांत तो मागे कधी बसला नव्हता. इथून ना मखमल दिसत होती ना चौकोन, ना ज्याची लोक वाहवा करतात त्यातलं काही. गोणपाट, नवारीच्या पट्ट्या, लोंबणारे दोरे, आणि काथ्याचा वास. पलीकडे कोण आहे तेही दिसत नव्हतं. तिने आयुष्य इथे काढलं होतं आणि सगळा भरवसा पलीकडून येणाऱ्या एका आवाजावर ठेवला होता.

"अहो," तो आवाज पलीकडून आला. "आज वार कोणता हो?"

त्याने आठवून पाहिलं. सकाळी आपण काही तरी सांगितलं होतं. दारात ती बाई काही तरी म्हणाली होती. दोन वार त्याच्यासमोर उभे होते आणि दोन्ही सारखेच खरे वाटत होते. एरवी त्याने एक उचलून ठणकावून सांगितला असता.

"तू सांग," तो म्हणाला.

पलीकडे दोरा ताणल्याचा आवाज आला.

"गुरुवार," ती म्हणाली. आवाज ओला होता. मग तो दुकानात ओरडायचा तशीच ती खणखणीत ओरडली, "सोडतेय!"

त्याने हात बाजूला घेतला आणि गोणपाटावर डोळे रोवून बसला. आधी गोणपाट एका जागी फुगलं. मग एक धागा सरकला, आणि टोक आत आलं, हळूहळू, त्याच्या छातीसमोर. त्याने ते दोन बोटांत घट्ट धरलं. आपल्याला काय म्हणायचंय ते विसरायच्या आत तो मोठ्याने म्हणाला,

"आला!"